आबांचा आवाज

गेल्या वर्षी श्रावणात आईने गाणी ऐकणे बंद केले. तक्रार केली नाही, कारण सांगितले नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पडवीत बसून दोन तास गाणी ऐकायची, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. भावाने तिला पेनड्राइव्ह लागणारा एक छोटा स्पीकर आणून दिला होता. मी त्यात चौदाशेच्या आसपास गाणी भरून दिली होती आणि आपण फार मोठी मातृसेवा केली अशा समजुतीत डिचोलीला परतलो होतो. एका शनिवारी शाळा सुटल्यावर म्हापशावरून पेडण्याची वाट धरली. पार्सेच्या घरी पोचलो तर तो स्पीकर कपाटावर, त्यावर धुळीचा पातळ थर आणि आई पडवीत नुसती बसलेली.

भावजयीने मग हळूच सांगितले. मास्टर दीनानाथांचे जुने गाणे लागले की आईंना ते ऐकू येत नाही, म्हणून त्या बटण फिरवून आवाज चढवतात. गाणे संपते आणि पाठोपाठ कुठले तरी नव्या सिनेमातले गाणे असे काही अंगावर येते की त्या दचकतात. एकदा तर हातातला चहा सांडला. दोन-चारदा असे झाल्यावर त्यांनीच तो वर ठेवायला सांगितला.

मला आधी वाटले, यात काय मोठेसे? आवाज कमी-जास्त करायला बटण आहे. पण आई शहाऐंशी वर्षांची आहे. तिची बोटे वाकडी झाली आहेत आणि ते बटण हरभऱ्याएवढे. म्हापशाच्या कानाच्या डॉक्टरांकडे तिला नेले तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. उतारवयात कान नुसता मंद होत नाही. हळू आवाज ऐकू येत नाही हे खरे, पण मोठा आवाज मात्र तरुण माणसाइतकाच, कधी त्याहून जास्त टोचतो. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांच्यामधली जागा अरुंद होत जाते. म्हाताऱ्या माणसाशी आपण हळू बोललो तर ‘काय?’ म्हणतात आणि मोठ्याने बोललो तर ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतात, त्याचे कारण हे. इतकी वर्षे मी त्याला स्वभाव समजत होतो.

म्हणजे ही चौदाशे गाणी त्या अरुंद पट्टीत बसवायला हवी होती. आणि त्या चौदाशेंत आबांची एकतीस होती.

आबांविषयी थोडे सांगायला हवे. आबा टपाल खात्यात होते. आवाज बेताचा, पण सुरेल आणि पेटीवर हात चांगला. आमच्या पेडणे महालात गाणे-नाटक हे काही वेगळे शिकावे लागत नाही. दहीकाल्याला दशावतार, सप्ताहात भजन, चतुर्थीला घुमट आणि झांजेच्या आरत्या आणि जत्रेला गावकऱ्यांचे संगीत नाटक. १९८६ साली आमच्या गावच्या मंडळींनी ‘संगीत सौभद्र’ केले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आणले. त्याला शंभर वर्षे उलटून गेल्यावरही आमच्याकडे त्याच्या तालमी तीन-तीन महिने चालत. आबा कृष्ण झाले होते.

त्या वर्षी माझा चुलतभाऊ आखातातून सुट्टीवर आला होता. त्याच्याकडे एक मोठा कॅसेट रेकॉर्डर होता. त्या काळच्या बहुतेक टू-इन-वनमध्ये ध्वनिमुद्रणाची पातळी यंत्र स्वतःच कमी-जास्त करी. माणूस गप्प झाला की यंत्र आवाज चढवी आणि रातकिडे घोंघावू लागत. तबला वाजला की सगळे दबून जाई. चुलतभावाच्या यंत्रात मात्र पातळी हाताने लावायचे बटण आणि काटा होता. त्याने मायक्रोफोन पेटीच्या बाजूला ठेवला, काटा बघून पातळी लावली आणि जागीच आडवा झाला. पंचेचाळीस मिनिटांनी कॅसेटची बाजू संपून कळ टक्‌दिशी वर आली की तो उठे, कॅसेट उलटवी आणि पुन्हा झोपे. त्यामुळे मधली काही पदे गेली ती गेलीच. पण पातळीच्या बटणाला त्याने रात्रभर हात लावला नाही. त्या झोपेचे मोल मला अडतीस-एकोणचाळीस वर्षांनी कळले.

अशा चार कॅसेटी. आबा १९९८ साली गेले. त्यानंतर त्यांचा आवाज म्हणजे या चार कॅसेटी.

आता माझ्या हातून घडलेले सांगतो. २००९ साली आमच्या शाळेत संगणक कक्ष झाला आणि मला उत्साह आला. कॅसेटी संगणकात भरायच्या असे ठरवले. शिकवायला कोणी नव्हते. मी कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली आणि संगणकाच्या माइकच्या भोकात खुपसली. ते भोक माइकच्या अगदी क्षीण विजेसाठी असते. त्यात प्लेअरचा आवाज सोडणे म्हणजे वाटीत घागर ओतणे. मी दुसऱ्या अंकाची कॅसेट अशी भरली. आवाज जरा कमी वाटला म्हणून संगणकात आणखी चढवला. कानाला मोठा लागला तेव्हा समाधान झाले. फाइल लहान व्हावी म्हणून हलक्या प्रतीची एमपी-३ केली. मग परीक्षा आल्या, निकाल आले आणि उरलेल्या तीन कॅसेटी तशाच राहिल्या.

२०१५ च्या पावसाळ्यानंतर डबा उघडला. आमच्या हवेत लाकडाला बुरशी येते, तिथे फितीचे काय! दुसऱ्या अंकाची फीत चिकटली होती. सोडवायला गेलो तर तुटली, जोडली तर पुन्हा तुटली. उरलेल्या तीन नीट होत्या. त्या मी जाणत्या माणसाकडून, योग्य भोकातून, योग्य पातळीवर भरून घेतल्या. दुसऱ्या अंकाची मात्र माझीच २००९ सालची प्रत शिल्लक आहे.

तिच्यात काय बिघडले ते समजून घेतले पाहिजे. संगणकात आवाज आकड्यांनी लिहिला जातो. सीडीच्या प्रमाणात सर्वांत मोठा आकडा ३२७६७. त्याच्यावर जागाच नाही. आवाज त्याच्यापेक्षा मोठा झाला की लाटेचा माथा कापला जातो आणि टेकडीचे पठार होते. कानाला ती खरखर लागते. नंतर आवाज कितीही कमी केला तरी पठाराची पुन्हा टेकडी होत नाही. कमी उंचीचे पठार होते, इतकेच. आबांनी जिथे जिथे वरचा स्वर लावला आहे तिथे तिथे मी तो छाटून ठेवला आहे.

म्हणून या वेळी आईची गाणी सारखी करायला बसलो तेव्हा हात जरा कापत होता. आधी मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्या. माझी मुलगी अभियांत्रिकी शिकते. ती दिवाळीच्या सुट्टीत घरी होती. मी तिला म्हटले, “प्रत्येक गाण्याचा सर्वांत मोठा आवाज शोधायचा आणि तो कमाल आकड्यापर्यंत न्यायचा. म्हणजे सगळी सारखी होतील.” ती म्हणाली, “बाबा, वर्गात एकाला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले म्हणजे तो वर्ग हुशार का?” इतकी वर्षे निकालाचे तक्ते भरणाऱ्या मुख्याध्यापकाला हे मुलीने सांगावे!

पण मुद्दा बरोबर होता. आमच्या ‘सौभद्रा’च्या फाइलीत सर्वांत मोठा आवाज कसला होता? तिसऱ्या घंटेचा. नांदीच्या आधी घंटा वाजली ती थेट मायक्रोफोनशेजारी आणि काटा शेवटाला टेकला. घंटा कमाल आकड्यावर असल्यामुळे माझ्या रीतीने सगळे नाटक ‘पुरेसे मोठे’ ठरत होते आणि आबा तसेच पुटपुटत राहत होते. कान शिखर मोजत नाही. तो काही काळाची सरासरी घेतो आणि तीही साधी नाही. सारख्याच जोराचे दोन आवाज असले तरी खर्जातला आपल्याला कमी ऐकू येतो आणि मधल्या पट्टीतला जास्त. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याचे आलेख काढले. घुमटाचा घुमार आणि झांजेची कडकड यंत्राच्या काट्यावर सारखी दिसली तरी कानात सारखी नसते, ती यामुळे.

कानाप्रमाणे मोजायची एक रीत डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली मांडली. रिप्लेगेन हे तिचे नाव. गाणे संगणकाने पूर्ण ऐकायचे, कानाच्या तराजूने तोलायचे आणि ठरलेल्या पातळीपेक्षा ते किती डेसिबल वर किंवा खाली आहे ते लिहून ठेवायचे. पातळी मुळात ८३ होती, ती सिनेमागृहांच्या प्रमाणावरून घेतलेली. पुढे ८९ रूढ झाली. युरोपातल्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संघाने २०१० साली आपले वेगळे प्रमाण ठरवले आणि अमेरिकेत त्याच वर्षी जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजवायच्या नाहीत असा कायदा झाला. आज मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या कंपन्याही हेच करतात. पूर्वी आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर काट्याकडे डोळे लावून बसलेला माणूस जे हाताने करी, तेच आता गणिताने होते.

रिप्लेगेन गाण्याला हात लावत नाही, फक्त चिठ्ठी डकवते. वाजवणाऱ्या यंत्राला ती वाचता आली पाहिजे. आईचा स्पीकर निरक्षर निघाला, त्याला चिठ्ठी वाचता येईना. मग दुसरा उपाय. एमपी-३ फाइल अगदी छोट्या छोट्या तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्यात जोर किती हे सांगणारा एक आकडा असतो. एमपी-३-गेन नावाची आज्ञावली तेवढाच आकडा बदलते, दीड डेसिबलच्या पायरीने. बाकी गाणे जसेच्या तसे राहते आणि पायऱ्या उलट मोजल्या की मूळ स्थिती परत येते. २००९ साली मला हे ठाऊक असते तर!

मोजमाप सुरू झाले आणि मी थक्क झालो. नव्या चित्रपटगीतांची पातळी ९८-९९. जुन्या तव्यांवरून आलेली नाट्यगीते ८५-८६. रामदास कामतांची पदे आणि मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या मैफली यांच्या मध्ये कुठेतरी. आबांचे नाटक ७५.५. दहा डेसिबलचा फरक कानाला सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे नवे गाणे आबांच्या चौपटीहून मोठ्या आवाजात आईच्या कानावर आदळत होते.

नवी गाणी इतकी मोठी का? सीडी १९८२ साली आली तेव्हा तिच्यात हळू आणि मोठ्या आवाजाला पूर्वी कधी नव्हती इतकी जागा होती. पण दोन गाणी पाठोपाठ वाजली की मोठे असते तेच माणसाला चांगले वाटते, हे धंद्याच्या ध्यानात आले. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा जरा मोठे व्हायचे ठरवले. माथ्यावर जागा नव्हती म्हणून दऱ्या बुजवल्या. जत्रेतल्या दोन फेरीवाल्यांच्या भोंग्यांसारखे झाले. मी १९९६ साली डिचोली तालुक्यात रुजू झालो, तेव्हा खनिजाचे ट्रक शाळेसमोरून जात. ट्रक आला की मी आवाज चढवी. मी चढवला की मुलेही चढवत. २०१२ साली खाणी थांबल्या आणि एके दिवशी वर्गात लक्षात आले की रस्ता गप्प आहे आणि मी मात्र तसाच ओरडतो आहे. मुलांनी ते कधीच सांगितले नव्हते.

तर आबांना वर न्यायचे, की बाकीच्यांना खाली आणायचे? आबांना ८९ पर्यंत नेले असते तर त्यांचे वरचे स्वर कमाल आकड्यावर आपटले असते. पुन्हा तेच पाप. म्हणून मी घंटा कापून तिची वेगळी फाइल केली आणि तिला हात लावला नाही. घंटा बाजूला झाल्यावर आबांच्या डोक्यावर थोडी जागा निघाली. पाच पायऱ्या, म्हणजे साडेसात डेसिबल. ७५.५ चे ८३ झाले. मग सगळ्यांनाच ८३ वर बसवले. नव्या गाण्यांना दहा-अकरा पायऱ्या खाली उतरावे लागले. स्पीकरचे बटण एकदाच चढवून त्यावर चिकटपट्टी लावली.

शनिवारी आईला ऐकवले. गाण्यामागून गाणे लागत गेले आणि ती दचकली नाही. मी फुशारलो. मग ‘सौभद्र’ लावले. आईने थोडा वेळ ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बळराम आज इतको थंड कसो रे?”

मला कळेना. मुलीने पाहिले तर मी आबांच्या एकतीस तुकड्यांना एकतीस स्वतंत्र गाणी समजून प्रत्येकाला ८३ वर आणले होते. ‘सौभद्रा’तला बलराम तापट, आमच्या गावचा तर विशेष. तो बोलू लागला की समईच्या वाती हलत, असे आई सांगे. आणि कृष्ण मिस्कील, हळू बोलणारा. मी बलरामाला खाली दाबले होते आणि कृष्णाला वर ओढले होते. दोघेही एकाच सुरात बोलत होते, पालक सभेतल्या पालकांसारखे. चुलतभावाने झोपून जे जपले होते, ते मी जागेपणी घालवले होते.

या आज्ञावलीत दोन रीती असतात. एक प्रत्येक गाण्याला स्वतंत्र तोलते. दुसरी संपूर्ण संचाला एकत्र तोलते आणि सगळ्यांना सारख्याच पायऱ्या देते. आतली चढउतार तशीच राहते. सुट्या गाण्यांना पहिली योग्य. नाटक, मैफल, कीर्तन यांना दुसरी. पायऱ्या उलट मोजून मी सगळे मूळ स्थितीत आणले आणि नाटकाला दुसरी रीत लावली.

हे करताना मनात आले की शाळेतही माझे बरेच आयुष्य पहिल्या रीतीने गेले. गप्प बसणाऱ्या मुलाला उभे करून ‘मोठ्याने बोल’ म्हणायचे, बडबड्याला गप्प करायचे. शिस्त म्हणून ते कधी कधी लागतेही. पण वर्ग हे सुट्या गाण्यांचे कपाट आहे की एकच नाटक, याचा विचार मी फारसा केला नव्हता. असो, हा विषय इथे नको.

केसरबाई केरकर १९७७ च्या सप्टेंबरात गेल्या. त्याच्या काही दिवस आधीच त्यांची भैरवी तबकडीवर चढून व्हॉयेजर यानांतून अवकाशात निघाली होती, अवघी साडेतीन मिनिटांची. त्यातले एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावाचा प्रदेश ओलांडून गेले. तिथे ती ऐकायला कोणी भेटले तर बटण किती फिरवायचे हे त्याचे तोच ठरवील. आमच्या आबांची भैरवी पार्सेच्या पडवीपर्यंत नीट पोचली तरी मला पुरे होते.

पुढच्या शनिवारी पुन्हा ‘सौभद्र’ लावले. घंटा झाली, नांदी झाली. बलराम गरजला तेव्हा आई खुदकन हसली. कृष्णाच्या वेळी ती पुढे वाकली. अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षांची असताना ती प्रेक्षकांत बायकांच्या बाजूला बसून जशी वाकली असेल, तशीच. मोपाच्या विमानतळाकडे एक विमान गेले, तेवढा वेळ तिने हात वर करून आम्हाला थांबायला सांगितले आणि मग आम्ही ते पद पुन्हा पहिल्यापासून लावले.

मग दुसरा अंक आला. माझा अंक. वरच्या स्वरावर आबांचा आवाज फाटला. मी जमिनीकडे पाहत राहिलो. मुलीने माझ्याकडे पाहिले.

आई म्हणाली, “त्या राती तेंचो घसो बसललो. तालमी करून करून.” आणि मग बराच वेळ ती त्या घशाविषयी बोलत राहिली. तिने ज्येष्ठमधाचा काढा करून रंगपटात पाठवला होता, तो कोणाच्या हाती पाठवला, आबांनी तो कसा अर्धाच घेतला. हे सगळे मला नवीन होते.

घसा खरेच बसला होता का, मला माहीत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या अंकात आवाज स्वच्छ आहे, एवढे मी मोजून पाहिले आहे. खरे काय ते आईला सांगावे असे दर शनिवारी ठरवून निघतो. अस्नोड्यापर्यंत निर्धार टिकतो, कोलवाळचा पूल आला की ढळतो. स्पीकर आता पडवीतच असतो. बटणावरची चिकटपट्टी अजून निघालेली नाही.